अराडच्या धूपवेद्या आणि 'त्याची अशेरा': प्राचीन इस्राएली लोक नक्की कशी पूजा करत?

शाडूमाती

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये एका लहानशा देवळाचा गाभारा मूळ दगडांसह मांडून ठेवला आहे. कामानिमित्त तिकडे गेले होते तेव्हा अर्धा दिवस मोकळा मिळाला, त्यातला बराच वेळ मी त्याच्यासमोर उभी होते. गाभारा म्हणजे एक कोनाडाच. पायरीशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या, मोठी साधारण ५२ सेंटीमीटर उंच, धाकटी ४० च्या आसपास. मागे गोलसर डोक्याचा एक उभा दगड, आणि त्यावर लाल रंगाचे अंश. मूर्ती नाही.

हे देऊळ नेगेव वाळवंटाच्या कडेला तेल अराड इथल्या किल्ल्यात होतं. योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात ते खणून काढलं. किल्ला यहूदा राज्याचा (जेरुसलेम ही त्याची राजधानी), शिपाई यहूदाचे, खापरांवरची पत्रं हिब्रूतली. म्हणजे हा परक्यांच्या देवाचा आडबाजूचा अड्डा नव्हता. राजाच्या सरहद्दीवरच्या ठाण्यात, राजाच्याच देवाचं हे देऊळ. आणि बायबलमधल्या 'अनुवाद' (Deuteronomy) या पुस्तकाचा बारावा अध्याय तर सांगतो की देव निवडील त्या एकाच ठिकाणी होमबली आणावेत, इतर कुठेही नाही.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते वेद्यांवरच्या काळ्या थरानं. उत्खननानंतर लगेच त्याची तपासणी झाली होती, पण काही निष्पन्न झालं नव्हतं. २०२० मध्ये एरन अरी, बारूख रोझेन आणि द्व्होरा नामदार यांनी नव्या पद्धतीनं केलेल्या तपासणीचा लेख आला. मोठ्या वेदीवर ऊद निघाला, म्हणजे दक्षिण अरबस्तानातून येणारा खरा, महागडा धूप, प्राण्याच्या चरबीबरोबर जाळलेला. धाकट्या वेदीवर गांजा, प्राण्यांच्या शेणात मिसळून जाळलेला. शेणामुळे आच मंद राहते, आणि गांजाचा अंमल हवेत यायला मंदच आच लागते. हे ज्यानं केलं त्याला नीट ठाऊक होतं की आपण काय करतो आहोत. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला एक पुजारी ही दोन वेगळी मिश्रणं तयार करत असे, आणि बायबलमध्ये गांजाबद्दल एक स्पष्ट शब्द सापडत नाही.

ग्रंथावरून धर्म समजून घ्यायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं असं की प्राचीन इस्राएलच्या बाबतीत काय जाळलं, कुठे ओतलं, कोणी खाल्लं इथून सुरुवात केली तर चित्र खूप वेगळं दिसतं. ज्यांनी यावर वाचलंय त्यांनी भर घाला.

दूरचा_डोंगर

फार आवडीचा विषय काढलात. अराडच्या जोडीला कुंतिल्लत अजरूद घ्यायलाच हवं.

हे ठिकाण सिनाईच्या ईशान्य भागात, कादेश-बर्नियाच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, उजाड टेकाडावर आहे. झेएव्ह मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये तिथे उत्खनन केलं. दोन मोठाले रांजण मिळाले, त्यांच्या अंगावर शाईनं चित्रं आणि मजकूर. काळ इ.स.पू. ८०० च्या जवळपासचा. यहवे म्हणजे बायबलमधला इस्राएलचा देव, अशेरा हे एका कनानी देवीचं नाव, आणि शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी. एका रांजणावर आशीर्वाद आहे: 'शोमरोनचा यहवे आणि त्याची अशेरा यांच्या नावे मी तुम्हांला आशीर्वाद देतो.' दुसऱ्यावर अमर्याहू नावाचा माणूस आपल्या धन्याला लिहितो: तुम्ही खुशाल ना? तेमानचा (म्हणजे दक्षिणेकडचा) यहवे आणि त्याची अशेरा यांच्या नावे तुम्हांला आशीर्वाद. तो तुम्हांला आशीर्वाद देवो, तुमचं रक्षण करो, माझ्या धन्यासोबत असो.

हे शेवटचं वाक्य वाचून बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकातला सहावा अध्याय आठवतो, याजकांचा आशीर्वाद. तोच आशीर्वाद जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या कबरीत गॅब्रिएल बारकाई यांना १९७९ मध्ये मिळालेल्या चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्यांवर आहे. त्या अलगद उलगडायला काही वर्षं गेली. इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटी कोणीतरी तो ताईत म्हणून गळ्यात घालत होतं. म्हणजे शब्द जवळजवळ तेच. वाळवंटातल्या रांजणावर सोबत अशेरा आहे, जेरुसलेमच्या चांदीवर ती नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. अजरूदला कोरड्या हवेमुळे कापडाचे शंभरावर तुकडे टिकले. बहुतेक तागाचे. पण काहींत लोकर आणि ताग एकत्र विणलेले आहेत, जे अनुवादाच्या २२ व्या अध्यायात साफ मना केलंय.

रानजाई

शाडूमाती ताई, लाल रंगाचे अंश असलेला उभा दगड, चेहरा नाही, हातपाय नाहीत, हे वाचल्यावर मला आमच्या गावच्या वेशीवरचा तांदळा डोळ्यांसमोर आला. आणि 'यहवे आणि त्याची अशेरा' म्हटल्यावर विठोबा-रखुमाई. मग सरळ अर्थ असा का घेऊ नये की यहवेला एक बायको होती आणि नंतरच्या लोकांनी तिला पुसून टाकलं?

दूरचा_डोंगर

रानजाई, असा अर्थ अनेक मोठ्या अभ्यासकांनी घेतला आहे. विल्यम डेव्हर यांनी १९६७ मध्ये हेब्रोनजवळ खिरबेत एल-कोम इथल्या थडग्यातला लेख उजेडात आणला, त्यातही उरियाहू नावाच्या माणसासाठी यहवे आणि 'त्याची अशेरा' यांचा उल्लेख आहे, खाली दगडात कोरलेला हाताचा पंजा. अजरूदच्या रांजणावर वीणेसारखं वाद्य वाजवणारी बसलेली बाई हीच अशेरा, असंही डेव्हर यांचं मत.

पण अडचण व्याकरणाची आहे, आणि ती खरी अडचण आहे. हिब्रूत 'त्याची' हा प्रत्यय विशेषनामाला लागत नाही. मराठीत 'विठोबाची रखुमाई' आपण सहज म्हणतो, हिब्रूत 'त्याची + सारा' असं एका शब्दात म्हणता येत नाही. म्हणून बऱ्याच जणांचं म्हणणं की इथे 'अशेरा' हे देवीचं नाव नसून वस्तू आहे, देवळाजवळ उभा केलेला लाकडी खांब किंवा झाड. तीच वस्तू बायबलमध्ये 'तोडा', 'जाळा' म्हणून वारंवार येते. जाळता येते त्याअर्थी लाकडाची.

चित्रांबद्दलही सावध राहावं लागतं. पिरहिया बेक यांनी ती बारकाईनं अभ्यासली. मजकुराखाली उभ्या असलेल्या दोन आकृती इजिप्तच्या बेस या रक्षक देवासारख्या आहेत आणि मजकूर चित्रावर चढलेला आहे, दोन्ही एकाच हाताचे असतील असं नाही. दुसऱ्या बाजूला मात्र एक झाड आहे, दोन बोकड ते खातायत आणि खाली सिंह. झाड आणि सिंह ही जोडी कनानमध्ये देवीकडे बोट दाखवते. तानाखला १९६८ मध्ये मिळालेल्या मातीच्या पूजास्तंभावरही सिंह आहेत, झाड आणि बोकड आहेत, आणि एका थरात दोन पंखवाल्या प्राण्यांच्या मध्ये मुद्दाम सोडलेली रिकामी जागा आहे.

मला वाटतं खांब हा देवीचा होताच. पण अमर्याहूच्या मनात आशीर्वाद लिहिताना ती वेगळी देवी होती की यहवेच्याच सामर्थ्याचं एक रूप, हे रांजण सांगत नाही.

तांदळ्याबद्दल: तुलना मोहक आहे आणि पूर्ण चुकीची नाही. त्रिग्वे मेटिंगर यांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा मांडला की मूर्ती नसणं ही मोशेनं एका दिवशी घातलेली बंदी नव्हे. सेमिटिक जगात उभ्या दगडाची पूजा फार जुनी आहे. नेगेवच्या वाळवंटात उझी अव्हनेर यांनी असे दगड शेकड्यांनी नोंदवलेत, काही तर इस्राएलच्या हजारो वर्षं आधीचे. मेटिंगर दोन तऱ्हा करतात, दगड उभा करणं आणि जागा रिकामी ठेवणं. अराडला पहिली, जेरुसलेमच्या देवळात दुसरी, जिथे करुबांच्या, म्हणजे पंखवाल्या रक्षक प्राण्यांच्या, पंखांवरचं आसन रिकामं होतं. एवढंच ध्यानात ठेवू की आपल्या तांदळ्याची कथा वेगळी आहे आणि तिची वाटही वेगळी.

ओसरी

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढले. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर आजी वाचायची. तिच्या तोंडून 'अशेरा' हा शब्द नेहमी तोडल्या जाणाऱ्या गोष्टींच्या यादीतच ऐकला. त्यामुळे हा धागा वाचताना आत थोडं हललं, ते लपवत नाही. पण दुसऱ्यांदा पुस्तक उघडलं तेव्हा मलाच काही गोष्टी नव्यानं दिसल्या.

येहू राजानं शोमरोनातून बआल या कनानी देवाची पूजा उखडली, हे २ राजे १० मध्ये मोठ्या तपशिलानं आहे. पण १३ व्या अध्यायात, त्याच्या मुलाच्या काळात, एक लहानसं वाक्य येतं: शोमरोनात अशेरा उभीच होती. म्हणजे बआलाचा कट्टर शत्रू असलेल्या राजानंही तिला हात लावला नाही. तसंच एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर आव्हान देतो तेव्हा बआलाच्या ४५० संदेष्ट्यांबरोबर अशेराच्या ४०० जणांचाही उल्लेख आहे, पण वध होतो तो बआलाच्या लोकांचा. ४०० जणांचं पुढे काय झालं यावर अध्याय गप्प आहे. आणि डोंगर म्हणतात तो रांजणावरचा आशीर्वाद नेमका 'शोमरोनचा यहवे आणि त्याची अशेरा'. काळही जवळपास तोच. हे जुळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

आजीनं शिकवलेलं खोटं होतं असं मला वाटत नाही. पण बायबलमध्येच दुसरी बाजू जपून ठेवलेली आहे, ती आम्हांला कोणी दाखवली नाही.

शाडूमाती

ओसरी ताई, मनापासून लिहिलंत. तुमच्या शेवटच्या वाक्याचा सगळ्यात मोठा पुरावा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४४ व्या अध्यायात आहे असं मला वाटतं.

जेरुसलेम पडलंय, निर्वासित इजिप्तमध्ये आलेत. यिर्मया त्यांना बजावतो की 'आकाशराणी' या देवीला धूप जाळल्यामुळे ही वेळ आली. आणि बाया समोरून उत्तर देतात. आम्ही तिला धूप जाळत होतो, पेयार्पणं ओतत होतो तेव्हा पोटभर अन्न होतं, काही वाईट घडत नव्हतं. ते बंद केलं तेव्हापासूनच तलवारीनं आणि दुष्काळानं मरतोय. शिवाय म्हणतात, नवऱ्यांना ठाऊक नसताना का आम्ही तिच्यासाठी पोळ्या केल्या? त्याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात त्या घरची कामाची वाटणीसुद्धा आहे: मुलं लाकडं वेचतात, बाप विस्तव पेटवतात, बाया कणीक मळतात. पोळ्यांना जो हिब्रू शब्द वापरलाय तो मेसोपोटेमियात इश्तार देवीला अर्पण होणाऱ्या गोड पोळीच्या शब्दाचा नातलग आहे.

संदेष्ट्याच्या पुस्तकात विरोधकांचं म्हणणं, तेही सामान्य बायकांचं, इतक्या ताकदीनं टिकलंय. लिहिणारा त्यांच्याशी सहमत नव्हता, तरी त्यानं ते पुसलं नाही.

आता घरांत काय सापडतं ते पाहा. यहूदात, मुख्यतः इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात, मातीच्या लहान बाहुल्या: खाली खांबासारखं गुळगुळीत अंग, वर हातांनी तोललेले स्तन, डोकं साच्यातलं किंवा चिमटीनं केलेलं. राझ क्लेटर यांच्या १९९६ च्या यादीत आठशेच्या वर आहेत, आणि जेरुसलेममध्येच त्यांचा ढीग आहे, देवळाच्या सावलीत. बहुतेक घरांत, बऱ्याचशा मोडलेल्या. अशेरा म्हणावं का? काही म्हणतात. एरिन डार्बी यांचा कल असा की या रक्षणासाठी आणि बरं होण्यासाठी वापरल्या जात. मला हे जास्त पटतं. तान्ह्याला दूध पुरावं, बाळंतीण वाचावी ही काळजी रोजची होती, आणि राज्याच्या देवळात तिला जागा नव्हती.

मुळाक्षर

उत्खननाबद्दल उत्तम चाललंय, पण ग्रंथाच्या अभ्यासाकडे पाठ फिरवू नका. अराडला देऊळ सापडण्याच्या दीडशे वर्षं आधी, केवळ वाचून, एका तरुणानं हे ओळखलं होतं. व्हिल्हेल्म द वेट्टे यांनी १८०५ मध्ये मांडलं की अनुवादाचं पुस्तक बाकीच्या मोशेच्या पुस्तकांहून निराळं आहे आणि योशीया राजाच्या सुधारणांशी ते जुळतं. इ.स.पू. ६२२ मध्ये देवळात 'सापडलेलं' नियमशास्त्र ते हेच. एकच देऊळ ही कल्पना म्हणजे जुनी प्रथा नसून मोठा बदल होता.

यूलियस वेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये हाच धागा धरून सगळा क्रम लावला. आधी प्रत्येक गावच्या टेकडीवर वेदी, सुगीचा आनंद, कुटुंबाचं जेवण. मग योशीयाचं केंद्रीकरण. मग बॅबिलोनमधल्या बंदिवासानंतर याजकांचे काटेकोर नियम. १८८२ मध्ये त्यांनी ग्राइफ्सवाल्डची ईश्वरविद्येची प्राध्यापकी स्वतःहून सोडली, कारण चर्चच्या सेवेसाठी विद्यार्थी तयार करणं आपल्या हातून होत नाही असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. त्याच्या एकच वर्ष आधी ॲबर्डीनमध्ये विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना असल्याच विचारांपायी खुर्ची गमवावी लागली होती. यज्ञ म्हणजे देवाला दिलेली लाच नव्हे, देव आणि टोळी यांचं एकत्र जेवण, हे स्मिथ यांचं म्हणणं.

वेलहाउझेन यांचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. याजकांच्या नियमांत त्यांना फक्त ऱ्हास दिसला, जिवंत धर्म सुकून कर्मकांड झालं असं. हा प्रोटेस्टंट चष्मा होता. तो उतरवण्याचं सर्वांत मोठं काम माझ्या मते जेकब मिलग्रोम यांनी केलं, लेवीयाच्या पुस्तकावर आयुष्य घालवून. त्यांचं एकच निरीक्षण सांगतो. पापबलीचं रक्त कुठे लावतात? पाप करणाऱ्याच्या अंगाला कधीच नाही. ते वेदीच्या शिंगांना लावतात, आणि मोठा दोष असेल तर आत पडद्याजवळ शिंपडतात. म्हणजे माणूस नव्हे, देऊळ धुतलं जातं. लोकांचे दोष हवेतून येऊन देवळावर काजळीसारखे बसतात. काजळी फार साचली तर देव तिथे राहणार नाही. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, थेट आतल्या खोलीपर्यंत सफाई. हे वाचल्यापासून लेवीयाचे कंटाळवाणे वाटणारे अध्याय मला एखाद्या भल्या घराच्या झाडलोटीसारखे दिसायला लागले.

आणि एकाच देवळाच्या नियमाचा परिणाम स्वयंपाकघरापर्यंत पोचला. त्याआधी मांसाचं जेवण म्हणजेच अर्पण होतं. गावातच वेदी, रक्त आणि चरबी देवाची, काही भाग पुजाऱ्याचा, उरलेलं आपलं. वेदी जेरुसलेमला गेल्यावर दोन दिवसांच्या वाटेवरच्या शेतकऱ्यानं काय करावं? म्हणून अनुवाद १२ मध्ये सूट येते: घरीच कापा, खा, फक्त रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओता. मांस पहिल्यांदा साधं अन्न झालं. योशीयानं खांब तोडले ते आपण लक्षात ठेवतो. पण गावोगावच्या जेवणातून देव उठून गेला, हा मला त्याहून मोठा बदल वाटतो.

खडूफळा

मुळाक्षर, एक शंका. हे सगळं योशीयाच्या सुधारणा खरंच झाल्या हे धरून चाललंय. उत्खननात त्याचा पुरावा किती भक्कम आहे? अराडचं देऊळ कोणी बंद केलं?

दूरचा_डोंगर

खडूफळा, रास्त प्रश्न. अहारोनी यांचं मत होतं की अंगणातली होमाची वेदी हिज्कीया राजाच्या काळी (योशीयाच्या आधी) बंद झाली आणि गाभारा योशीयाच्या काळी. बायबलच्या कथेत हे अगदी चपखल बसतं, आणि तिथेच शंका घ्यायला हवी. झेएव्ह हर्झोग यांनी थर पुन्हा तपासले तेव्हा त्यांना देऊळ अहारोनी म्हणत होते तितकं जुनं दिसलं नाही. इ.स.पू. आठव्या शतकात बांधलं आणि त्याच शतकाच्या शेवटी बंद केलं. धूपवेद्या फोडलेल्या नाहीत, आडव्या निजवून मातीखाली पुरलेल्या आहेत. हर्झोग यांना यात हिज्कीयाचा हात दिसतो. नदाव्ह ना'अमान यांच्यासारखे अभ्यासक अशा सुधारणांच्या खुणा दगडात वाचण्याबद्दल साशंक आहेत. अश्शूरचं (असीरियाचं) सैन्य येणार म्हणून पवित्र वस्तू लपवल्या असाव्यात, हाही अर्थ लागू शकतो.

बैर-शेब्यालाही असंच. १९७३ मध्ये तिथे शिंगांच्या मोठ्या वेदीचे दगड कोठाराच्या भिंतीत बांधकामाला वापरलेले मिळाले. जोडल्यावर वेदी दीड मीटरच्या वर भरली. एका दगडावर सापाची आकृती कोरलेली. दगड घडीव आहेत, आणि निर्गम २० तर म्हणतं की वेदीच्या दगडाला हत्यार लावू नका. अराडच्या अंगणातली वेदी मात्र अनघड दगडांचीच आहे. एकाच राज्यातली दोन ठाणी, दोन रिती.

अराड सरहद्दीवरचा अपवाद होता असं कोणी म्हणेल तर मोत्सा पाहा. जेरुसलेमपासून जेमतेम सहा-सात किलोमीटर. महामार्गाच्या कामात २०१२ मध्ये तिथे देऊळ निघालं, अंगणात वेदी, माणसांच्या आणि घोड्यांच्या मातीच्या लहान आकृती. जेरुसलेममधल्या शलमोनाच्या देवळातून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता आलं असतं.

बैरशेबाकर

शालोम. मी मूळचा अलिबागकडचा बेने इस्राएल (कोकणातला यहुदी), आता बैर-शेब्यात. वर ज्या शिंगांच्या वेदीची चर्चा झाली तिचं ठिकाण माझ्या घरापासून गाडीनं थोडक्याच अंतरावर आहे. जे नाव तुम्ही सगळे लिहिता ते आम्ही उच्चारत नाही, मी 'हाशेम' लिहीन, समजून घ्या.

मला अन्नार्पणाबद्दल बोलायचं आहे, कारण बळीच्या मानानं त्याकडे कोणी बघत नाही. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात मिन्हा आहे: सपीठ, तेल आणि वर लेव्होना, म्हणजे ऊद. मूठभर वेदीवर, बाकी याजकांचं. मीठ हवंच. गरिबाला परवडणारं अर्पण हे.

आमच्याकडे मलिदा असतो. भिजवलेले पोहे, नारळाचा चव, साखर किंवा गूळ, वेलची, सोबत फळं. नवस फेडायचा असेल, लग्नघर असेल, कोणी दुखण्यातून उठलं असेल तर मलिदा. एलियाहू हानावीचं (एलीया संदेष्ट्याचं) गाणं म्हणायचं आणि मग सगळ्यांनी वाटून खायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथेही मलिदा नेतात. आमच्यातले काहीजण, आणि काही अभ्यासकही, यात जुन्या मिन्हाची सावली पाहतात. मी लहानपणी ते अभिमानानं सांगायचो. आता एवढंच म्हणतो की दोन हजार वर्षांना जोडणारा कागद नाही, आणि मलिदा हा शब्द आपल्या कोकणातल्या शेजाऱ्यांकडूनच आलेला आहे. पण वाटून खाल्ल्याशिवाय अर्पण पुरं होत नाही ही समज आमच्या घरात होती. मुळाक्षरांनी जेवणातून देव उठून गेल्याचं लिहिलं ते वाचून आई आठवली. ती पहिला वाटा बाजूला काढल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही.

लेव्होना म्हणजे अरबीत लुबान, आपल्या मराठीत लोबान. शब्द तोच, मुळात अर्थ पांढरा.

रानजाई

बैरशेबाकर दादा, फार आवडलं. वनस्पतींची मला थोडी माहिती आहे म्हणून भर घालते. शब्द तोच असला तरी आज बाजारात लोबान म्हणून मिळतं ते बहुधा निराळ्याच झाडाचं असतं, आग्नेय आशियातल्या. अरब व्यापारी त्याला 'जावी लुबान' म्हणत, त्यावरून नाव सरकलं. अराडच्या वेदीवर जळला तो डिंक ओमान-येमेनकडच्या बॉसवेलिया झाडाचा. त्याची सख्खी बहीण आपल्याकडे आहे, सालई. सातपुड्यात भरपूर. तिची साल खरवडली की असाच डिंक पाझरतो.

अराडच्या त्या ठाण्यात दक्षिण अरबस्तानातून उंटांच्या तांड्यावरून आलेला माल जळत होता, म्हणजे खर्च कोणाचा? शिपायांचा नक्की नव्हे.

शाडूमाती

राज्याचाच असणार. देवळाच्या परिसरात मिळालेल्या खापरांवर मरेमोथ आणि पशहूर ही नावं आहेत, आणि बायबलमध्ये ही याजक घराण्यांची नावं म्हणून येतात. पुजारी, धूप, सगळंच वरून पोचत असावं. म्हणूनच मला वाटतं, अराडच्या गांज्याला 'सरहद्दीवरच्यांची चूक' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

ओसरी

माझा एक प्रश्न. एकच देऊळ हा नियम जेरुसलेममध्ये ठरला. पण तो दूरच्यांनी मानला का?

दूरचा_डोंगर

याचं उत्तर नाईल नदीतल्या एका बेटावरून येतं. एलेफंटाइन, आजच्या अस्वानजवळ. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे इराणी सम्राटाच्या चाकरीतली यहुदी पलटण होती, आणि त्यांचं स्वतःचं 'याहू'चं देऊळ होतं. कंबायसिसनं इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त घेतलं त्याच्याही आधीपासूनचं, असं ते अभिमानानं लिहितात. अरामी भाषेतली त्यांची कागदपत्रं पपायरसवर टिकली.

इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला हाताशी धरून ते देऊळ पाडलं. यांनी जेरुसलेमच्या मुख्य याजकाला लिहिलं, उत्तर आलं नाही. मग ४०७ मध्ये यहूदाचा सुभेदार बगोही याला लिहिलेलं पत्र आहे. आम्ही गोणपाट नेसून उपास करतोय, बायका विधवांसारख्या झाल्यात, आम्हांला देऊळ बांधू द्या, तुमच्या नावानं वेदीवर अन्नार्पण, धूप आणि होमबली करू. उत्तराची टिपण मिळाली आहे. देऊळ बांधा, वेदीवर अन्नार्पण आणि धूप करा. होमबलीचा शब्द गाळलेला. विनवणीत तीन गोष्टी, परवानगीत दोन.

जेरुसलेमला दुसरं देऊळ चाललं, दुसरा होम चालला नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. आणि त्याच बेटावरच्या एका वर्गणीच्या यादीत जमलेली चांदी वाटून दिली आहे: याहूला एक हिस्सा, आणि एशेम-बेथेल व अनाथ-बेथेल या दुसऱ्या दैवतांना एकेक. या लोकांना आपण काही सोडून चाललोय असं वाटत असल्याची एकही खूण त्या कागदांत नाही.

ओसरी

तीन मागितलं, दोन मिळालं. त्या बायका विधवांसारख्या राहत होत्या हे वाचून यिर्मयाच्या बायका आठवल्या. त्याही इजिप्तमध्येच. पावणेदोनशेएक वर्षांचं अंतर.

बैरशेबाकर

मंडळी, काल अराडला जाऊन आलो. शाळेपासून नाव ऐकलेलं, पण धागा वाचल्यावर नीट बघितलं. टेकाडावर वारा फार आहे. गाभाऱ्याच्या जागी आता नवे दगड मांडलेत, मूळचे म्युझियममध्ये. दार पूर्वेला, गाभारा पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन सरळ आत पोचत असणार. अंगणातली वेदी मी पावलांनी मोजली, साधारण अडीच मीटर दर बाजूला. निर्गम २७ मध्ये पाच हात बाय पाच हात सांगितलंय, त्याच्या जवळपासच भरते. गाभारा इतका लहान आहे की आत एक माणूस कसाबसा वळू शकेल. दोन्ही वेद्यांना एकाच वेळी विस्तव घातला तर आत उभं राहवलं नसतं, तो धूर अंगणात थांबलेल्यांकडेच येत असणार.

रानजाई, तुमच्या त्या सालईचा डिंक कोणी इकडे येणार असेल तर थोडा पाठवाल का? आईच्या वर्षश्राद्धाला मलिदा करतो, यंदा शेजारी तोही ठेवावा असं मनात आहे.